चंपत मेश्रामचं पहिलं रीडिंग

चंपत मेश्रामच्या हातून वस्तू जळत नाही, ही गोष्ट भिलाईच्या तंत्रज्ञान संस्थेत इतकी पक्की मानलेली होती की नव्या विद्यार्थ्याच्या कानावर ती पहिल्या आठवड्यातच पडायची. एखादं नाजूक उपकरण सुरू करायला कोणी कचरू लागलं की दुसरा म्हणायचा, "मेश्राम भैया को बुला ले, उनके हाथ से आज तक फ्यूज भी नहीं उड़ा." चंपत यावर मान हलवायचा, "असं काही नसते बापा," म्हणायचा. पण ते ऐकायला त्याला आवडायचं. पुढे जे घडलं त्याचं मूळ शोधायचं तर त्या आवडण्यातच शोधावं लागेल.

भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा चंपतचे वडील तुमसरकडून आले आणि कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, लागले. चंपतनं आयटीआय केलं, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे तापमान मोजणारी यंत्रं दुरुस्त करत पंधरा वर्षं काढली आणि मग संस्थेच्या प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून कायम झाला. वय आता पंचावन्न. बायको कांता अंगणवाडीत कामाला. मुलगी लग्न होऊन गोंदियाला. घर पावर हाउस बाजाराच्या मागच्या बाजूला, दोन खोल्या आणि वर पत्र्याची गच्ची.

त्याच भागात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, केवलराम रामटेके राहायचा. लहानपणापासूनचा मित्र. रुळांच्या गँगमध्ये त्याची उभी हयात गेली होती. त्याची थोरली मुलगी दीक्षा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली तेव्हा पुढे काय करायचं हे त्या घरात कोणालाच सांगता येईना. चंपतनंच तिला एक दिवस संस्थेत नेलं, प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांशी गाठ घालून दिली, प्रवेश परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो ते दाखवलं. ती पास झाली, पीएच.डी.ला लागली, आणि लागली ती चंपतच्याच प्रयोगशाळेत. साऱ्या वस्तीत चंपतची मान ताठ झाली. केवलरामची झाली त्याहून थोडी जास्तच.

"पोरगी करून काय राहिली पण?" केवलरामनं एकदा विचारलं. "मले सांगते, पण डोक्यावरून जाते."

चंपतनं हे आधीच मनात जुळवून ठेवलं होतं. "तुमी गँगवाले रूळ खांद्यावर नेता ना? सोळा जण, एका ओळीत."

"नेतो."

"एका टोकाचे गडी जरासे हळू चालले तं?"

"रूळ त्या अंगाले वळते."

"बस, थेच. नखाएवढी एक चिप हाय. तिच्यात सिलिकॉन नायट्राईडच्या सोळा वाटा हायेत, केसापेक्षाही कितीतरी बारीक. लेझरचा प्रकाश त्या सोळा वाटांत वाटला जाते. प्रत्येक वाटेवर एक तार. तार तापली की खालचा प्रकाश जरासा रेंगाळते. शेवटी सोळा बारके अँटेना हायेत, थे प्रकाश बाहेर फेकतात. कोणाले किती रेंगाळू द्यायचं थे आपल्या हातात. मंग किरण डावीकडे वळव, उजवीकडे वळव. हलत काहीच नाही. ना मोटर, ना आरसा."

"कशाले पाहिजे असते थे?"

"समोर काय हाय थे गाडीले दिसाले. क्रेनले दिसाले. उद्या तुह्या इंजिनाले दिसाले."

केवलरामनं स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "माही पोरगी हे करते?"

दीक्षानं त्या चिपचं रेखाटन करण्यात दोन वर्षं घातली. सोळा अँटेना जितके जवळ आणता येतील तितके जवळ आणले, कारण ते लांब गेले की एका किरणाचे तीन किरण होतात आणि मग समोर नेमकं काय दिसलं ते सांगता येत नाही. जागा कमी पडली तेव्हा एका कडेच्या पाच तारा तिनं थोड्या अरुंद केल्या. सर म्हणाले, इतक्या बारीक तारा बनवताना बिघडतील. दीक्षानं हिशेब मांडून दाखवला, तासभर वाद घातला, आणि सर म्हणाले, "ठीक है, तुम्हारा चिप है."

रेखाटन परदेशी कारखान्यात गेलं. अकरा महिन्यांनी तीन चिपा आल्या. एकीचा कोपरा प्रवासातच तडकलेला. दुसरी, बाहेरगावच्या प्रयोगशाळेत तिला तारजोडणी करताना, निकामी झाली. तिसरी तारजोडणी होऊन धडधाकट परत आली. तो मार्च महिना होता.

चिप जागेवर बसवायचं काम चंपतचंच. लेझरचा प्रकाश आणणारी काचेची दोरी चिपच्या कडेला आणायची, दोन्हींची तोंडं एकमेकांसमोर यायला हवीत, आणि केसाच्या शंभराव्या भागाएवढी जरी चूक झाली तरी प्रकाश आत शिरत नाही. चंपत श्वास रोखून स्क्रू फिरवायचा. त्या मंगळवारी दुपारी बारा वाजेपर्यंत प्रकाश आत शिरला होता. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्यातून पडद्यावर पाहावा लागतो. पडद्यावर फिकट पांढरा डाग उमटला तेव्हा दीक्षानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काका, आता फक्त तारा मोजा. सोळाच्या सोळा. पहिलं रीडिंग वहीत घ्या. करंट द्यायचा तो मी आल्यावर देऊ," ती म्हणाली. तिला दोनपर्यंत एक वर्ग होता. "मेरे बिना मत चालू करना हां."

"जा तू. मी हाय ना."

ती गेली. चंपतनं मीटर काढला, वही उघडली, तारीख टाकली. आणि मग त्याच्या मनात आलं की ती परत येईल तेव्हा पडद्यावर डाग नको, किरण हवा. वळणारा किरण. दार उघडताच तिला तो दिसला तर तिचा चेहरा कसा होईल! मोजणी काय, नंतरही होईल. सोळा तारांना करंट देणारा डबा त्यानं जोडला, संगणकावरचा क्रम सुरू केला. एकेका तारेला पाळीपाळीनं करंट देत जाणारा तो क्रम होता. तारांना वीस मिलिअँपिअरच्या वर जायचं नव्हतं. पण आदल्या आठवड्यात त्या डब्यावर दुसरंच काम झालं होतं आणि मर्यादा ऐंशीवर राहिली होती. ती बघायची, ही चंपतची पंधरा आणि चौदा, एकोणतीस वर्षांची सवय. त्या दिवशी त्यानं ती बघितली नाही.

पडद्यावरचा डाग एकदम फुलला. चंपतला क्षणभर आनंदच झाला. मग डाग फाटला, इकडेतिकडे विखुरला. त्यानं बटण दाबून सगळं बंद केलं. किती वेळ गेला असेल? सहा सेकंद, फार तर सात. ना धूर, ना वास, ना आवाज. चिप होती तशीच चमकत होती.

त्यानं तारा मोजल्या. सहा ते सोळा ठीक, सगळ्या चारशे ओहमच्या आसपास. एक ते पाच गेल्या होत्या. दोन तुटलेल्या, तीन तारांचे आकडे भलतेच.

चंपत स्टुलावर बसला. त्यानं आकडे वहीत लिहिले, कारण आकडे लिहायचे असतात. वर तारीख होतीच, तारखेखाली त्यानंच आखून ठेवलेला मथळा होता: पहिलं रीडिंग. त्या मथळ्याखाली ते सोळा आकडे जाऊन बसले. त्या वेळी त्याच्या मनात लबाडी नव्हती, असं तो पुढे स्वतःला कित्येकदा सांगणार होता. ती आली की सांगायचं, असंच त्यानं ठरवलं होतं.

दीक्षा पळतच आली. हातात कागदात बांधलेले दोन समोसे. "काका, जेवले नाही ना तुमी? हे घ्या. मोजल्या? सब ठीक?"

"पाच तारांत गडबड हाय."

तिचा चेहरा उतरला. तिनं वही ओढून घेतली, आकड्यांवरून बोट फिरवलं. एक ते पाच. तिच्याच अरुंद केलेल्या तारा. हे चंपतच्याही तेव्हाच लक्षात आलं. तोवर तो फक्त जळलेल्या तारांचा विचार करत होता.

"पहिल्यापासून असं होतं?" तिनं विचारलं.

सांगायला तेवढी एकच फट होती. चंपतनं समोशांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर चंपतला बरं वाटलं असतं. "मैंने कहा था," इतकंच म्हणाले, आणि तेही हळू. अरुंद तार बनताना बिघडते, हे आता वहीत लिहिलेलं होतं. दीक्षा एक शब्द उलट बोलली नाही. ज्या हिशेबावर ती तासभर भांडली होती तो तिनं पुन्हा काढून पाहिला. चूक सापडली नाही, तर चूक न सापडणं ही आपलीच कमी आहे असं तिनं धरून घेतलं.

पंधरा दिवसांनी ती चंपतकडे आली. "काका, ती कोपरा तडकलेली चिप आहे ना डबीत? तिच्यावरच्या तारा सुई टेकवून मोजता येतील? त्या पण अशाच असतील तर पक्कं होईल."

चंपतनं तिच्याकडे न बघता सांगितलं, "तडकलेल्या चिपवर काय खरं मिळते? आकडे कसेही येतील. कायले टाईम घालवतं."

तिनं मान डोलावली. काका म्हणतात म्हणजे तसंच असणार. पहिला 'हो' घाबरून तोंडातून गेला होता, असं म्हणता आलं असतं. या दुसऱ्या वाक्याला तसं काहीच म्हणता येत नव्हतं. ते त्यानं विचार करून उच्चारलं होतं.

उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. तिचा शोधनिबंध एका परिषदेसाठी जाणार होता, तो गेला नाही. दर सोमवारच्या बैठकीत ती पूर्वी फळ्याशी उभी राहून हात हलवत बोलायची. आता कोपऱ्यात बसून लिहून घ्यायची. तिनं नवं रेखाटन सुरू केलं. तारा रुंद केल्या. तारा रुंद केल्या म्हणून वाटा लांब झाल्या, वाटा लांब झाल्या म्हणून अँटेना लांब गेले. "एकाचे तीन किरण होतील," तीच एकदा चंपतला म्हणाली. "पण निदान तारा तरी बिघडलेल्या निघणार नाहीत. जितनी औकात है उतना ही करना चाहिए ना, काका?"

चंपत त्या दिवशी हाफ डे घेऊन घरी आला.

रविवारी बुद्धविहारात वंदना व्हायची. चंपत पुढच्या रांगेत बसायचा, त्याचा आवाज खणखणीत होता. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी आला की आता तो थांबायचा. इतके लोक एका सुरात म्हणत होते की त्याचा आवाज थांबलेला कोणाला कळत नव्हता. बाकी चार शीलं तो म्हणायचा आणि ते एक सोडून द्यायचा. मग त्याला वाटायचं, सोडून देणं ही तर आणखी एक चोरी झाली. मग तो मागच्या रांगेत बसू लागला.

ऑक्टोबरात सगळे गाडी करून नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. केवलरामच्या घरची मंडळीही होती. परतताना दीक्षा खिडकीला डोकं टेकवून बसली होती, आणि तिची आई तिला संत्र्याच्या फोडी देत होती त्या ती न बघता खात होती. दुसऱ्या दिवशी चंपत प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी गेला. डबीतून तडकलेली चिप काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, सुया टेकवल्या. तडा कोपऱ्यात होता, तारांपासून चांगला दूर. सोळाच्या सोळा तारा ठीक होत्या. अरुंद केलेल्या पाच थोड्या चढ्या, दीक्षाच्या हिशेबात जितक्या चढ्या यायला हव्यात नेमक्या तितक्या. पोरीनं जे कागदावर मांडलं होतं ते शब्दशः तसंच उतरलं होतं.

चंपतला रडू आलं नाही. त्याला त्या आकड्यांचा विलक्षण अभिमान वाटला, आणि अभिमान वाटतोय याची लाज वाटली. त्यानं चिप डबीत ठेवली. आकडे कुठेच लिहिले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवं रेखाटन कारखान्याकडे पाठवायचं होतं. शुक्रवार ही शेवटची तारीख. ती चुकली की पुढची संधी वर्षानं. सोमवारी संध्याकाळी केवलराम चंपतच्या घरी आला. चप्पल काढली, खुर्चीच्या अगदी टोकावर बसला.

"दीक्षा म्हणते, मी सोडतो," तो म्हणाला. "हे कागद पाठवून देतो आणि सोडतो म्हणते. नेहरू नगरले रेल्वे परीक्षेचा क्लास लावला तिनं. रोज सकाळी जाते."

चंपतनं आत कांताला चहाची हाक दिली.

"मले रेल्वे वाईट नाही रे. रेल्वेनंच घर चाललं. पण थे रडून राहिली होती चंपत. तिच्या आईले म्हणे, मुझसे नहीं होगा, माह्यात डोकंच नाही तेवढं. सरांनी इतका भरोसा केला न् मी खराब केलं." केवलरामनं पंज्यानं तोंड पुसलं. "तू सांग ना तिले. तुहं ऐकते थे. तू हायस तिथं, म्हणून मले कधी घोर नव्हता."

तो चहा पिऊन गेला. कांता आत पालेभाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. चंपत तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं मार्चपासूनचं सगळं सांगून टाकलं. ऐंशी मिलिअँपिअर, वही, समोसे, तडकलेली चिप. कांतानं हातातली जुडी खाली ठेवली.

"तुमाले सर रागावले असते?"

"थोडेसे."

"नोकरी गेली असती?"

"नाही."

"मंग कावून?"

चंपतनं जुडीतलं एक पान उचललं. "थे मले लय मानते, कांता. मले वाटलं, तिच्या नजरेतून उतरतो."

"आता थे सोताच्याच नजरेतून उतरली," कांता म्हणाली. "मले सांगून काय होते? तिले सांगा."

मंगळवारी तो प्रयोगशाळेत तीनदा तिच्या टेबलापर्यंत गेला आणि तीनदा परत आला. बुधवारी सकाळी त्यानं रजा टाकली आणि थेट नेहरू नगर गाठलं. हायवेच्या कडेला तिमजली इमारत, वरच्या मजल्यावर क्लास, खाली ओळीनं लावलेल्या स्कूटी. साडेनऊला पोरंपोरी जिन्यावरून भसाभसा खाली आली. दीक्षा शेवटी आली, पाठीवर बॅग, हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा.

"काका? इथं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"त्या तारा मी जाळल्या," चंपत म्हणाला. आडवळणानं सुरुवात करायची त्यानं ठरवली होती, ती सगळी विसरला. "पहिल्यापासून तशा नव्हत्या. तू वर्गाले गेली होती न्, मी करंट देला. मर्यादा नाही बघितली. मंग मोजल्या. थे पहिलं रीडिंग खोटं हाय."

आजूबाजूला स्कूटी सुरू होत होत्या. दीक्षानं बॅगेचा पट्टा वर ओढला. मग तिनं विचारलं, "मर्यादा किती होती?"

"ऐंशी."

"किती सेकंद?"

"सहा-सात. क्रमानं चालू होतं. पाचवर बंद केलं."

"म्हणून एक ते पाच." ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "म्हणून एक ते पाच. अरुंद आहेत म्हणून नाही. पहिल्या आहेत म्हणून." गेले आठ महिने जो प्रश्न सुटत नव्हता तो सुटल्याची चमक तिच्या डोळ्यांत क्षणभर आली आणि लगेच मावळली. "तडकलेली चिप?"

"मोजली मी. सोळाच्या सोळा ठीक हाय. तुह्या हिशेबाबरहुकूम."

"कधी मोजली?"

चंपतला वाटलं होतं, हा प्रश्न ती विचारणार नाही. "नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे दीड महिना झाला." तिनं प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा छातीशी घट्ट धरला. "मी आईला म्हटलं माझ्यात डोकंच नाही, ते मागच्या आठवड्यात. तेव्हा तुमाले माहीत होतं, माझा हिशेब बरोबर आहे?"

"माहीत होतं."

तो थांबला. ती ओरडेल, रडेल, काहीतरी बोलेल याची वाट पाहत राहिला. माफी मागायची म्हणून त्यानं हात जोडायला उचलले. दीक्षा म्हणाली, "हे नका करू. इथं लोक बघून राहिले." मग घड्याळ पाहिलं. "शुक्रवारला दोन दिवस आहेत. जुनं रेखाटन मला परत काढावं लागेल. तुम्ही सरांना सांगा. आजच. मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा." आणि ती हायवेकडे वळून ऑटोला हात करू लागली. चंपतची मोटरसायकल समोरच उभी होती, तिनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

सरांना सांगताना चंपत उभाच राहिला. सरांनी वही मागवली, त्या पानावर खऱ्या हकिकतीची नोंद त्याच्या अक्षरात करून घेतली, खाली सही, तारीख, वेळ. मग म्हणाले, "मेश्रामजी, उपकरण तो किसी से भी जल जाता है." पुढचं, खोट्या नोंदीबद्दलचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. चंपतनं ते तरीही ऐकलं.

दीक्षानं त्या दोन दिवसांत अँटेना पुन्हा जवळ आणले, तारा पुन्हा अरुंद केल्या, फक्त वळणापाशी किंचित रुंद, आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फाईल पाठवली. रेल्वेचा क्लास तिनं सोडला. पुढच्या महिन्यापासून चंपतची बदली पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे पोरं बॅटरी, बल्ब आणि ओहमचा नियम शिकतात. शिक्षा म्हणून पाठवलं असं कोणी म्हटलं नाही. काम चांगलं होतं, पोरं चांगली होती. दर तासाला तो त्यांना सांगायचा, "डब्बा चालू करने से पहले लिमिट देखो," आणि सांगताना त्याला स्वतःचा आवाज परका वाटायचा.

दीक्षा भेटली की नमस्कार करायची. "कसे आहात, मेश्राम सर?" म्हणायची. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, उलट खबरदारी होती, अनोळखी माणसाशी बोलताना असते तशी. एकदा चंपतनं धीर करून म्हटलं, "पोरी, मले काका तं म्हण." ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, "म्हणून बघितलं. जमून नाही राहिलं." तिचा प्रामाणिकपणा त्याला कळला. त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात नव्या चिपा आल्या. त्या कोणी बसवल्या, कशा बसवल्या, चंपतला माहीत नाही. डिसेंबरात एका दुपारी वरच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या, आणि एक विद्यार्थी जिना उतरताना मोबाईलवर कोणाला तरी सांगत होता की किरण वळला, एकच किरण, पंधरा अंशांपर्यंत स्वच्छ. चंपतच्या समोर पहिल्या वर्षाची एक मुलगी बल्ब का लागत नाही म्हणून उभी होती. त्यानं तिची सैल झालेली वायर घट्ट केली. घट्ट झालेली वायर त्यानं पुन्हा एकदा घट्ट केली.

त्या रविवारी केवलराम पेढे घेऊन आला. दारातूनच हाका मारत आला. "चंपत! अरे, जमलं पोरीचं! चिप चालली! पेपरात पण येणार म्हणते." त्यानं पेढा चंपतच्या तोंडापाशी नेला. "सगळ्यात पयला मान तुहा. तू समजावलं म्हणून थे परत गेली."

चंपतला तेव्हा समजलं की दीक्षानं घरी काहीच सांगितलेलं नाही. वर्ष झालं होतं. आत कांता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चंपतनं मित्राचा हात हळूच खाली केला.

"बस केवल. मले काही सांगाचं हाय."

त्यानं सगळं सांगितलं. या वेळी घाई केली नाही, काही गाळलंही नाही. नागपूरहून परतल्यावरची सकाळही सांगितली, आणि केवलराम याच खुर्चीवर बसून 'तू हायस म्हणून घोर नव्हता' म्हणाला तेव्हा आपल्याला सगळं माहीत होतं, हेही सांगितलं. केवलराम ऐकत राहिला. पेढा त्याच्या बोटांत तसाच होता.

"दीक्षाले माहीत हाय हे?" त्यानं शेवटी विचारलं.

"सालभरापासून."

"मले कावून नाही सांगितलं तिनं?"

तुझी माझी पन्नास वर्षांची संगत तुटू नये म्हणून असेल, असं चंपतच्या ओठांवर आलं, पण ते म्हणायचा हक्क त्याला नव्हता.

केवलरामनं पेढा खोक्यात ठेवला, झाकण लावलं. खोकं घरी न्यावं की इथं ठेवावं हे त्याला ठरवता येईना. एकदा उचललं, परत ठेवलं. "चार वाजताची ड्यूटी हाय," तो म्हणाला आणि चप्पल शोधू लागला. चपला दाराशीच होत्या, त्याला दिसत नव्हत्या. कांतानं त्या सरळ करून त्याच्या पायापाशी सरकवल्या.

केवलराम त्यानंतरही चंपतशी बोलतो. बाजारात भेटला तर थांबतो, तब्येतीचं विचारतो, वस्तीतल्या लग्नामरणाला दोघं शेजारी उभे राहतात. घरी मात्र आला नाही. चंपत दर रविवारी विहारात जातो, मागच्या रांगेत बसतो. चौथं शील तो आता म्हणतो. आवाज मोठा करत नाही, पण म्हणतो, आणि त्याचा शेवट होईपर्यंत डोळे उघडत नाही.